त्र्याऐंशीचं जोडपान

९ जून २०२५
इंदोरा, नागपूर

नंदिनीले जयभीम.

नाही, माहे डोळे बिघडले नाही. अडुसष्ट वर्षं झाले तरी सुईत दोरा पयल्या झटक्यात जाते. म्हणून म्हातारीनं काहीतरी उलटं वाचलं असन, असं समजू नको. तुह्या पुस्तकाचं त्र्याऐंशी नंबरचं पान मी तीनदा वाचलं. दुकानात उभ्यानं, मग बसून, मग घरी आणून.

फोन करत नाही. तू उचलत नाही, आन मलेही ते गाणं ऐकत बसाले वेळ नाही. पत्ता तुह्या प्रकाशकाकडून घेतला. तिथली पोट्टी म्हणे, "आपण कोण?" मी म्हटलं, बाइंडर. खोटं नाही ते.

झालं असं. बर्डीवर उन्मेषच्या बाइंडिंगच्या दुकानात, मी काम करते तिथं, एका शाळेचा गठ्ठा आला. लायब्ररीत पोट्टे पुस्तकाचे हाल करतात, म्हणून शाळावाले उन्हाळ्यात पक्का पुठ्ठा चढवून घेतात. सत्तर प्रती, सत्तरही एकाच पुस्तकाच्या. वरची उचलली तर नाव, नंदिनी आनंदराव मेश्राम. माह्या भावाचं नाव मधात पाहून मी स्टुलावर बसली. मग उठली. काम होतं.

गठ्ठ्यात मुख्याध्यापकाची चिठ्ठी. 'प्रत्येक प्रतीतील पृष्ठ ८३-८४ काढून टाकावे. मजकूर अयोग्य.' खाली सही, शिक्का.

म्हटलं, पाहू तरी काय एवढं लिहिलं माह्या भाचीनं.

पडदा लिहिला. गॅदरिंगची तालीम संपली, आन स्टेजचा पडदा काढून घडी घालाचं काम तुह्या गोष्टीतल्या रेवतीवर आन वर्गातल्या एका पोट्ट्यावर आलं. दोघं दोन टोकं धरतात. घडी घालाले जवळ येतात, त्याची टोकं तिच्या हातात, बोटाले बोट लागते. तो मागं सरकते, खालची घडी धरते, पुन्हा येते. चार घड्या. चौथ्या घडीले पडदा एवढुसा राहते, आन रेवती म्हणते, "दे, मी ठेवते." पान संपलं.

याच्यासाठी चिठ्ठी!

मी चाळीस वर्षं फर्मे, म्हणजे छापलेले ताव, घडी घातले. सुरुवातीले मोठे ताव एकटीनं आवरत नव्हते, समोर एक माणूस लागे. तो कोण, ते जाऊ दे. पण घडी घालताना काय होते ते मले माहीत आहे, आन तुले कोणी सांगितलं ते मले माहीत नाही. एक वाकडा शब्द नाही. कोणी कोणाले धरलं नाही. तरी चौथ्या घडीपर्यंत मी पान सोडलं नाही. तू बरोबर तिथंच थांबली जिथं थांबाले पाहिजे. पुढं एक ओळ लिहिली असती तर मीच म्हटलं असतं, काढा.

आता कामाचं. वीस तारखेले पुस्तकं तयार पाहिजे, तेवीसले शाळा उघडते. पान काढू का नको, ते तू सांग. लिहिणारी तू आहे. मी फक्त सुई.

आन मागचं ते मागचं. तू दहावीत होती, माह्याजवळ राहून शिकून राहिली होती, तवा तुह्या वहीतलं पान मी फाडलं. एका पोट्ट्याचं लिहिलं होतं म्हणून फाडलं. वीस वर्षं झाले. आनंदले, तुह्या बापाले, आपण मसणात पोहोचवलं त्या दिवशीही तू माह्याशी बोलली नाही, त्याले नऊ वर्षं झाले. तेच धरून बसाचं असन तर बस. पण याचं उत्तर दे.

कौसल्या आत्या


१४ जून २०२५
इंदोरा

नंदिनीले जयभीम.

उत्तर आलं नाही. पोस्टाचं काही खरं नाही म्हणून पुन्हा लिहून राहिली. या खेपेले स्पीड पोस्टानं.

एक प्रत उन्मेषले सांगून घरी आणली. पूर्ण वाचली. सातवी पास बाईले दोनशे पानं वाचाले किती वेळ लागते तुले माहीत आहे. दोन दिवस भाजी करपली.

शेजारच्या अपेक्षालेही दिली. दहावीत आहे, जीभ लय चालते तिची. सकाळी नेलं, संध्याकाळी परत घेऊन आली.

म्हणे, "आत्या, तुमी हे पूर्ण वाचलं?"

"म्हातारी आहे म्हणून अर्धंच वाचू का?"

"तसं नाही... म्हणजे पडद्याचं पण?"

"पडद्याचं तीनदा वाचलं."

हसली. लाजली पण. मग म्हणे, "ते गोड आहे. पण मी दुसरं पान दोनदा वाचलं." आन तिनं त्र्याण्णव काढून दाखवलं. मले वाटलं होतं पोट्टी त्र्याऐंशीवरच अडकन. शाळावाल्यालेही तेच वाटलं असन. आपण मोठे लोकं पोट्ट्याईले ओळखतच नाही.

आता तुह्या कामाबद्दल सांगते. तारीफ समजायची तर समज.

रेवतीच्या ट्यूशनच्या सरांचं तू अर्ध्या पानात आटोपलं. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एकदम रस्ता, आन रेवती चपला हातात घेऊन उन्हात चालून राहिली. मधलं काहीच नाही. वाचणाऱ्या पोट्टीले समजते काय झालं, पण तिले ते पाहावं लागत नाही. पडद्याच्या घड्या मात्र एक एक करून, सावकाश. चांगल्याले जागा दिली आन घाणीले एक ओळ जास्त दिली नाही. मी आजवर हजारो पुस्तकं शिवले. लोकं उलटं करतात. घाण दोन फर्मे भरून लिहितात, आन चांगल्याच्या वेळी दिवा मालवतात.

शिवणाऱ्याच्या भाषेत सांगू? पानाच्या आतल्या बाजूले कोरी पट्टी सोडावी लागते. कमी सोडली तर सुई अक्षरातून जाते. जास्त सोडली तर वाचणाऱ्याले वाटते, याच्याजवळ सांगाले काही नव्हतं. तू बरोबर सोडली. तुह्या प्रकाशकानंही पुस्तक धाग्यानं शिवून काढलं, नुसतं चिकटवलं नाही. बरं वाटलं.

आता शिलाईचं निघालं तर ऐक. शिवलेल्या पुस्तकात कोणतंही पान एकटं नसते. एक कागद मधातून दुमडला की त्याचे दोन पानं होतात, एक इकडे, एक तिकडे. जोडपान. इकडचं फाडलं की तिकडचं सुटते. तुह्या पुस्तकाचा सहावा फर्मा एक्क्याऐंशीपासून शहाण्णवपर्यंत. त्यात त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचं जोडपान कोणतं? बोटानं मोजलं. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव.

त्या पानावर रेवतीची मावशी तिची वही वाचते. वहीत एका पानावर पडदा आहे, दुसऱ्यावर सर. मावशी बाइंडिंगच्या दुकानात जाते, तिच्या बोटावर वाळलेल्या खळीचे पापुद्रे आहेत. ती पान फाडत नाही. वही मिटवून पोट्टीच्या बाजूले जमिनीवर बसते आन म्हणते, "तुही चूक नाही."

माहे बोटं पाहिले मी. मग चष्मा पुसला.

तवा मले समजलं, त्या दिवशी तुह्या वहीच्या दुसऱ्या पानावर काय होतं. नंदे, ते दुसरं पान मी वाचलं नव्हतं. मधात टाके मारलेली वही होती, एक फाडलं तर जोडपान हातात आलं. दोन्ही मी दुकानात खळ शिजवायच्या शेगडीत टाकले. तुले वाटलं असन, आत्यानं सगळं वाचलं आन गप बसली. तसं नाही.

अपेक्षा जाता जाता म्हणे, "आत्या, खरंच अशी मावशी असते का कोणाची?"

मी म्हटलं, चहा ठेव.

पान काढू का नको, ते लवकर कळव.

कौसल्या आत्या


२१ जून २०२५
बर्डी, दुकानातून

नंदिनी,

तुहं कार्ड आलं. दोन ओळी. 'आत्या, ते पान तू वाचलं होतंस. नाहीतर दुसऱ्याच दिवशी माझी ट्यूशन का बंद झाली? आता हेही पान काढ, तुझा हात बसलेला आहे.'

वाचलं. ब्लाउजमध्ये ठेवलं. त्याचं नंतर.

पान काढलं नाही. तू काढ म्हटलं तरी नाही काढलं. तू रागात म्हटलं, आन रागातलं ऐकून मी काम करत नाही.

काल शाळेचे मुख्याध्यापक सुशील सर स्वतः आले, सोबत शिपाई. माणूस वाईट नाही. घामानं शर्ट पाठीले चिकटला होता. गठ्ठ्यातली एक प्रत काढून त्यानं पानं चाळले.

"बाई, पान काढलं नाही तुमी?"

"नाही काढलं."

"चिठ्ठी मिळाली नं?"

"मिळाली. चिठ्ठीत एक पान लिहून आहे. निघतात दोन."

"म्हणजे?"

मी एक प्रत उघडली, त्र्याऐंशीचं पान चिमटीत धरून हलकं ओढलं. दहा पानं पुढं त्र्याण्णवचं हललं. त्याले दोनदा दाखवावं लागलं.

"तर मग ते दुसरं चिकटवून द्या नं."

"देईन. दोन महिन्यात सुटन. सुटलेल्या पानाचं पोट्टे काय करतात तुमाले माहीत आहे. होडी."

"काय आहे त्या पानावर एवढं?"

"वाचा."

"आता?"

"मी शिवून राहिली तवर वाचा. पंखा तिकडे आहे."

उभ्यानं वाचलं. मग स्टूल ओढलं. मग मागं जाऊन ट्यूशनचं वाचलं, पुन्हा पुढं आला. मी तवर तीन फर्मे शिवले. शिपाई दारात चुना मळत होता.

मग म्हणे, "एका पालकानं त्र्याऐंशी नंबरचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. शंभर लोकं बोलले. हे त्र्याण्णव कोणीच टाकलं नाही."

"पूर्ण पुस्तक वाचाले वेळ लागते. फोटो काढाले लागत नाही."

"मी पण फोटोच पाहिला होता, बाई."

हे बोलला म्हणून म्हणते, माणूस वाईट नाही.

पण मग म्हणे, "सहावीतल्या लेकराच्या हाती लागलं तर? ते तर लहान आहे."

तुले सांगते, हे त्याचं बरोबर होतं. सहावीतल्याले कायले द्याचं? तू नववी-दहावीच्या पोट्ट्याईसाठी लिहिलं. मी म्हटलं, "कोणत्या कपाटात ठेवाचं ते तुमचं काम. कपाटाले कुलूप लावा, नववीच्या खाली देऊ नका, रजिस्टरवर लिहा. माहं काम एवढंच, का पान पडू नये."

"आन पालकाले काय सांगू?"

"सांगा, बाइंडर बाई नाही म्हणते."

हसला. पहिल्यांदा. मग चिठ्ठी परत मागितली. मी दिली. त्यानं तिची घडी घालून खिशात ठेवली, फाडली नाही. मी तेवढ्यावर समाधान मानलं. म्हणे, "सोमवारी सकाळी गाडी पाठवतो. सगळे पानं असू द्या."

काम झालं. तुले कळवलं.

कौसल्या आत्या


२६ जून २०२५
इंदोरा

नंदे,

पुस्तकं गेले. सत्तरच्या सत्तर, पूर्ण. लाल कापडाचा कणा, कोपऱ्याले दुहेरी पट्टी. दहा वर्षं हलणार नाही. अपेक्षाची त्याच शाळेत मैत्रीण आहे, ती सांगत होती, तिसऱ्या दिवशी रजिस्टरात चौदा नावं लागले. त्यातले पाच पोट्टे. मले वाटलं होतं पोट्टे वाचणार नाही. पुन्हा चुकली मी.

आता तुह्या कार्डाचं. टाळलं असतं, पण पाच दिवस झाले ते कार्ड टोचून राहिलं.

खोटं लिहिलं होतं मी. चौदा तारखेच्या पत्रात. जोडपान आपोआप हातात आलं, ते खरं. वाचलं नाही, ते खोटं.

पोट्ट्याचं पान पूर्ण वाचलं आन फाडलं. दुसरं हातात आलं, त्याच्या दोन ओळी वाचल्या. तिसरी नाही वाचली. दोन ओळीत जेवढं समजाचं तेवढं समजलं होतं. तिसरी वाचली असती तर मले काही करावं लागलं असतं. तुह्या बापाले कन्हानवरून बोलवावं लागलं असतं. तो खाणीतून तसाच आला असता, अंगावर कोळसा घेऊन, आन त्या माणसाचं काय केलं असतं ते मले माहीत होतं. मग चार लोकांत बसाचं, आन तुले सगळ्याईसमोर सांगाले लावाचं. मी शेगडीत टाकलं. खळ शिजून राहिली होती, ती खाली लागली त्या दिवशी. उन्मेषचा बाप ओरडला माह्यावर.

दुसऱ्या दिवशी तुले म्हटलं, ट्यूशन लांब पडते, बंद. तू माह्याकडं पाहून राहिली होती. मी तांदूळ निवडून राहिली होती. तांदळात काही खडे नव्हते.

मले वाटलं, मी सांभाळलं. तुले तिथून काढलं, बोभाटा झाला नाही. इतके वर्षं मले हेच वाटत होतं का मी हुशारीनं निभावलं. तुह्या पुस्तकातल्या बाईनं काय जास्त केलं? पोट्टीच्या बाजूले बसली आन तीन शब्द बोलली. त्याले ना पैसा लागते, ना शिक्षण. मले जमलं नाही. तू पोट्ट्याच्या पानाची चूक आन सरांच्या पानाची चूक एकाच शेगडीत गेलेली पाहिली, आन पंधरा वर्षांच्या लेकराले काय समजाचं तेच समजलं. का दोन्ही गोष्टी सारख्याच. दोन्ही तुह्याच.

आन एक. तू गेली नाही, पण बाकीच्या पोरी त्याच्याकडं जातच राहिल्या. आठ-दहा वर्षं. मी त्या गल्लीतून जाणं सोडलं. तो आता मेला. त्यानं माहं काही सुटत नाही. याच्यावर तू काही लिहू नको, मले उत्तर नको.

तू लिहिलं ते मोठं काम आहे, हे मले सांगाचं होतं. मी वाचणारी बाई नाही, पण शिवणारी आहे, आन कोणतं पुस्तक टिकते ते मले हातात घेतलं का समजते. लेकराईले तू खोटं सांगितलं नाही आन त्याईले घाबरवलंही नाही. आवडणं काय असते ते दाखवलं आन हात लावणं काय असते तेही दाखवलं, आन दोन्हीच्या मधात एवढी जागा सोडली का कोणाचीही गफलत होऊ नये. हे मले तुह्या तवाच्या वयात कोणी दिलं असतं तर मी ती तिसरी ओळ वाचली असती.

अपेक्षानं काल विचारलं, लेखिका तुमची कोण? मी म्हटलं, भाची. ती म्हणे, "मग ती मावशी म्हणजे तुमी का?" मी म्हटलं, नाही. ती तिनं मनानं लिहिली.

सोबत एक प्रत पाठवून राहिली. शाळेच्या सत्तरातली नाही, ही बर्डीवर पुस्तकाच्या दुकानातून विकत घेतली. टाके उसवले आन पुन्हा माह्या हातानं शिवली. तीच शिलाई, तुह्या शाळेच्या वह्याईले मारत होती ती. सहावा फर्मा उघडून पाहाय, त्र्याऐंशी आन त्र्याण्णव दोन्ही जागेवर आहेत. आन शेवटी एक कोरं जोडपान जास्तीचं शिवलं आहे. दोन पानं. तुह्या पुस्तकात ते नव्हतं, चिठ्ठीतही नव्हतं.

ते कायले शिवलं, ते विचारू नको. मी सांगणार नाही.

कौसल्या आत्या